जीपला लागलेली थंडी

जीप चालू झाली नाही, तर हिरूला खोली मिळणार होती. दहा बाय बारा, वर मंगलोरी कौलं, दाराला आतून कडी. खालापूरच्या वीटभट्टीवाल्या पोपटशेठनं जीप विकत मागितली होती, आणि अर्ध्या रकमेच्या विटा घेतल्या तर बरं, असंही तो म्हणाला होता. हिरूनं त्या विटा मनातल्या मनात रचूनसुद्धा टाकल्या होत्या. चौदा वर्षं ती आणि नवरा नागू माजघरात कणगीच्या आडोशाला झोपत होती. मधे एक जुनं लुगडं टांगलेलं, पलीकडे सासू, आणि सासूचे डोळे मिटले तरी कान मिटत नसत.

जीप चालू झाली, तर हिरूला नवं काही मिळणार नव्हतं. पहाटे चार म्हशींच्या धारा काढायच्या, दुधाच्या दोन किटल्या दिराच्या, गजाच्या, जीपमध्ये चढवायच्या, मग ती जीप ढकलायला नवऱ्याला आणि शेजारच्या दोघांना हाका मारायच्या, हे जसं चाललं होतं तसं चालू राहणार होतं. कर्जतच्या नाक्यावरून दूधवाल्याचा टेंपो साडेसातला निघे. तो कुणासाठी थांबत नसे. गेल्या महिन्यात पाच वेळा टेंपो चुकला आणि पाचही वेळा दूध कडावला घरी परत आलं. ते आटवायला मग हिरूच बसली. तेव्हा जीप विकली जावी असं तिला वाटत असेल, तर त्यात पाप नव्हतं. नफा होता, पण पाप नव्हतं.

भिवाजीमामा आदल्या दुपारीच येऊन राहिला होता. सासूचा, अंबूबाईचा, हा थोरला भाऊ. खालापुराकडं त्यानं वीस वर्षं भातगिरणीचं इंजिन चालवलं होतं, त्यामुळं इंजिन आणि माणूस या दोन्हींतलं आपल्याला कळतं असा त्याचा समज होता. नागू-गजाचा बाप गेल्यापासून घरातली भांडणं मामाकडं जायची. मामा ती मिटवायचा आणि जाताना जिरवेल तांदळाचा एक भरला कट्टा घेऊन जायचा. त्यामुळं भांडणं पुरती मिटलेली त्यालाही फारशी परवडत नसत.

"तुमी दोघं भांडताव कशाला?" रात्री जेवताना तो म्हणाला होता. "गाडीलाच इचारू. सकाळी सपाट जागेवर, कुणी हात न लावता चालू झाली तर गजाकडं राहील. नाय झाली तर शनवारी पोपटशेठ घेऊन जाईल."

सपाट जागा ही अट मामानं मुद्दाम घातली होती. गजा रोज संध्याकाळी जीप राजनाल्याच्या बांधाजवळच्या उतारावर उभी करायचा. सकाळी ब्रेक सोडला की गाडी घरंगळायची, मधेच गिअर टाकला की कधी लागायची, कधी नाही. नाही लागली की ढकलाढकल. काल मामानं ती खळ्यात आणून उभी करायला लावली. खळं असं सपाट, की भात वाळवताना पाणी पडलं तर कुठं जावं ते त्यालाच कळत नसे.

गजाची ही जीप मिलिटरीच्या लिलावातली. तीन वर्षांपूर्वी आणलेली. सकाळी दूध पोचवलं की दिवसभर कशेळे ते कर्जत अशा तिच्या फेऱ्या चालत. आत आठ माणसं, बाहेर लटकून चार, आणि बाजाराच्या दिवशी कोंबड्या वेगळ्या. ही गाडी बर्फात चाललेली आहे, असं तो प्रत्येक पॅसेंजरला सांगे.

"मग हितं काय झालंय हिला?" नागू विचारायचा. "कडावात तर एका घोंगडीत भागतंय."

ते खरं होतं. पंच्याहत्तर सालचा पौष जरा कडक होता, नाल्यावर सकाळी धुकं धरायचं, पण माणसं कामाला जातच होती. पौषात कुणी शुभकार्य सुरू करत नाही, एवढंच काय ते जीपनं मनावर घेतलं होतं. आणि गंमत अशी, की एकदा लागली की ती दिवसभर शहाण्यासारखी वागायची. कशेळ्याला तास-तासभर उभी राहून एका टिचकीला चालू व्हायची. रुसायची ती फक्त सकाळी, घरच्यांसमोर. हिरूला यात सासुरवाडीला आलेल्या जावयाची सवय दिसायची.

सहाला उजाडायच्या बेतात सगळे खळ्यात जमले. मामा घोंगडी पांघरून उलट्या घमेल्यावर बसला. नागू हाताची घडी घालून, जरा लांब. अंबूबाई ओटीवर. गजाची बायको कोंडी तुळशीजवळ उभी; लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि अजून बोलताना ती आधी सासूकडं बघायची. हिरू स्वयंपाकघराच्या दारात. चुलीवर तवा होता आणि हाताला तांदळाचं पीठ.

गजानं चोक ओढला, सेल्फ दाबला. जीप घुरघुरली आणि घुरघुरत राहिली.

"बॅटरी गेली," नागू म्हणाला.

गजानं हॉर्न दाबला. झाडावरचे कावळे उडाले.

"बॅटरी हाय," मामा म्हणाला. "आवाज खणखणीत हाय. उगी बॅटरीला बोल लावू नको. हँडल मार रं गजा."

गजानं पुढून हँडल घातलं आणि दहा-बारा फेरे मारले. तेवढ्या थंडीत त्याच्या कपाळाला घाम आला, जीपला काही आलं नाही.

"मामा, प्लग गार पडत्यात," तो धापा टाकत म्हणाला. "आमी गरम करून घालताव. मग लागते कदी कदी."

"कदी कदी," नागू म्हणाला.

"दादा, तू बोलू नको. मामा हाय ना बघायला?"

"मी कुठं बोलतंय? मी दूध बघतंय. किटल्या भरल्यात, सवासहा झालं."

गजानं चारही प्लग काढले. ओले होते आणि काजळीनं काळे. कोंडीनं ते पदरात धरून आणले आणि चुलीपाशी येऊन हिरूकडं बघत उभी राहिली.

"घाल तव्यावर," हिरू म्हणाली. "भाकरी कुणाला पायजे? प्लग खातील सगळी."

तव्याच्या एका कडेला भाकरी, दुसऱ्या कडेला चार प्लग, असा तो संसार मांडला गेला. हिरू चिमट्यानं प्लग फिरवत होती. दुसऱ्यांदा फिरवताना प्लगमधून धुराची एक बारीक रेघ वर आली आणि हिरूच्या नाकात शिरली. ती थांबली. प्लग नाकाजवळ नेला. पेट्रोलचा वास तिला ठाऊक होता, गजाचे कपडे तीच भिजवायची. हा वास तो नव्हता. हा कंदिलाचा वास होता.

घरातलं रॉकेल महिनाभर कमी पडत होतं. रेशनवर मिळायचं ते मोजकं, त्याचा डबा हिरूच्या ताब्यात, आणि तरी पंधरवड्यात तळ दिसायचा. हिरूनं त्याचा ठपका सरळ कोंडीवर ठेवला होता. "रातची शिवत बसतेस, वात मोठी करतेस," असं आधी म्हणून झालं. मग कोंडीचा भाऊ कशेळ्याहून दोनदा येऊन गेला, तेव्हा "रॉकेलला माहेरची वाट सापडली वाटतं," असंही ती चारचौघांत बोलून गेली होती. आत्ता कोंडी चिमट्याकडं बघत उभी होती.

"घेऊन जा," हिरू म्हणाली. "पदर भाजून घेऊ नको."

गरम प्लग बसले. जीप एकदा खोकली, मागून पांढऱ्या धुराचा एक लोळ निघाला आणि पुन्हा सगळं शांत.

मामा उठला. घोंगडी घमेल्यावर ठेवून तो बॉनेटपाशी गेला. "पळी आणा गं एक," तो म्हणाला. "आणि गजा, तुजं प्लग पुसायचं पेट्रोल हाय का? बाटलीतलं?"

"हाय. दिवाळीच्या आदीचं हाय, पण झाकण घट्ट हाय."

हिरूनं आमटीची पळी धुऊन दिली. तवा गेला, चिमटा गेला, आता पळी. जीप विकली गेली नाही तर एक दिवस आपलं सगळं स्वयंपाकघर तिच्या पोटात जाणार, असं तिला वाटून गेलं. मामानं बाटलीतलं अर्धी पळी पेट्रोल कार्बोरेटरच्या तोंडात ओतलं आणि मागं सरला. "मार सेल्फ."

जीप गरजली. खरोखर गरजली, पत्रा थडथडला, म्हशींनी दावी ताणली, कोंडीच्या तोंडावर हसू आलं. दहा आकडे मोजावेत एवढा वेळ ती चालली आणि फुसफुसत बंद पडली.

"झालं? चालू झाली ना?" गजा म्हणाला.

"झाली आणि मेली," नागू म्हणाला.

"तुमी दोघं जरा तोंड मिटा." मामा आता गिरणीवरचा मामा झाला होता. "बाटलीतल्या पेट्रोलवर लागली. म्हंजे करंट हाय, प्लग बरं हाईत, इंजिन धडधाकट हाय. टाकीतल्यावर बंद पडली. म्हंजे दुखणं टाकीत हाय. टाकी दाव."

टाकीचं बूच ड्रायव्हरच्या सीटखाली. गजानं सीट उचलली. बुचाच्या कडेला कुंकवाचे दोन लाल डाग होते.

"आयेनं सगळ्या गाडीला कुंकू फासलंय," गजा बूच फिरवत म्हणाला. "रोज सांजचा दिवा दावते. मी सांगतंय, आये, लांबून दाव, एक दिवस भडका उडंल."

अंबूबाई ओटीवरून म्हणाली, "लांबूनच दावते मी."

पुरुषांना त्यात काही वाटलं नाही. कुंकू म्हटलं की लागलं कुठंतरी. हिरू मात्र त्या बुचाकडं बघत राहिली. दिवा दाखवून कुंकू लावायचं ते बॉनेटवर, फार तर चाकाला. सीटखालच्या बुचाला कोण लावील? ते लावलेलं नव्हतंच. ते बोटांचं लागलेलं होतं, अंगठा एका बाजूला आणि पहिलं बोट दुसऱ्या बाजूला, बूच फिरवताना धरावं तसं.

तिनं सासूकडं पाहिलं. अंबूबाई ओटीच्या सारवणातलं काहीतरी नखानं उकरत होती.

मामानं टाकीत काठी बुडवून काढली. नागूच्या खिशातली दुधाची चिठ्ठी घेऊन तिच्या कोऱ्या बाजूवर एक थेंब काठीवरचा पाडला, एक बाटलीतला. मग चिठ्ठी वाऱ्याला धरली. बाटलीतला थेंब बघता बघता उडाला आणि कागद होता तसा झाला. दुसरा डाग बसला तो बसलाच. तेलकट, पैशाएवढा.

"रॉकेल," मामा म्हणाला. "चांगलं तिसरा हिस्सा हाय. गरम इंजिनात खपून जातं. दिवसभर तुमाला कळणार नाय. सकाळी इंजिन गार, मग रॉकेल पेटतंय कसलं? प्लग भिजवून बसतं."

"पंपवाल्यानं मारलं असंल," गजा म्हणाला.

"मग पंपावरच्या समद्या गाड्या ढकलाय लागल्या असत्या. तू किती घालतोस एका टायमाला?"

"चार लिटर, पाच लिटर. भाव बघा ना काय झालाय. टाकी भरायची सोयच नाय राहिली."

"आणि मधी म्हणत होतास, गाडी कमी पेट्रोलवर चालाय लागली," नागू सावकाश म्हणाला. "कार्बोरेटर मीच सेट केला म्हणून कशेळ्याच्या नाक्यावर सांगत होतास. आता कळलं काय सेट केलंस ते."

"मी? मी माज्याच गाडीत रॉकेल घालीन?"

"पैसं वाचवाय. घरचं रॉकेल फुकट पडतंय. महिनाभर डब्याला कोण तोंड लावतंय ते आज कळलं."

"दादा, गाडी बंद पडावी असं कुणाला वाटतंय, ते सगळ्या गावाला म्हायती हाय. पोपटशेठला कुणी बोलवला?"

"म्हंजे मी घातलं?"

"डब्याची किल्ली कुणाकडं हाय?" गजा म्हणाला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं.

आता सगळेच तिकडं बघायला लागले. नागूनं एक पाऊल पुढं टाकलं. बायकोवर घरात काही आलं की तो आधी दुसऱ्याच्या बायकोवर लोटायचा, ही त्याची जुनी रीत. "किल्ली खुंटीला असते," तो म्हणाला. "आणि खुंटीला हात कुणाचा जातो? हिरूनं मागंच बोलून दावलं, रॉकेल माहेरी जातंय. माहेरी नाय, टाकीत जात होतं. नवऱ्याला मदत. कोंडे, खरं बोल."

कोंडीनं सासूकडं बघितलं. सासूनं मान वर केली नाही. नवऱ्याकडं बघितलं. गजाच्या तोंडावर एक विचार आला, आणि तो आला हे कोंडीला दिसलं.

"तू घातलंस काय गं?" गजानं विचारलं.

मामानं घसा साफ केला. भांडण मिटवण्याची त्याची एक ठरलेली पद्धत होती: सगळ्यांत धाकट्या बाईला काही दिवस नजरेआड करायचं, म्हणजे बाकीच्यांना थंड व्हायला जागा होते. "पोरगीच हाय अजून," तो म्हणाला. "आठ-पंधरा दिवस कशेळ्याला जाऊन येऊ दे. बापाला मी सांगतंय दोन शब्द. गाडीचं मग बघू. भावाभावांत असा इश्वास उडाल्यावर गाडी ठेवण्यात काय अर्थ? पोपटशेठला येऊ दे शनवारी."

म्हणजे खोली मिळाली. हिरूच्या हातावरचं पीठ सुकून खडखडीत झालं होतं. तिनं फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहायला कधी काही खर्च येत नाही.

कोंडी आत गेली. मागच्या खोपटात तिची पत्र्याची पेटी होती. कडी वाजल्याचा आवाज आला.

अंबूबाई ओटीवरून उठून गोठ्याकडं चालू लागली. हिरू तिच्या मागोमाग गेली.

गोठ्यात म्हशींच्या अंगाची ऊब होती. अंबूबाई पेंढ्याला हात लावून उभी होती, पण पेंढा काढत नव्हती.

"आत्याबाई, नरसाळं कुठं हाय?" हिरूनं विचारलं.

"कसलं नरसाळं?"

"मामंजींच्या इंजिनाचं. ह्या खुंटीला असायचं."

अंबूबाईनं पेंढ्याखालीच हात घातला आणि नरसाळं काढून पुढं धरलं. लपवायला ती कधी शिकली नव्हती. तिला तशी गरजच पडली नव्हती.

"तुला कदी कळलं?"

"आत्ताच. बुचाला तुमची बोटं हाईत."

म्हातारी खाली बसली. "तुज्या सासऱ्याचं पाण्याचं इंजिन आठवतंय का? नाल्यावरचं? पेट्रोलवर चालू करायचं आणि गरम झालं की चावी फिरवून रॉकेलवर टाकायचं. धा वरसं मी त्याला भाकरी नेली, बघितलंय मी. घोटभर पेट्रोल आणि डबाभर रॉकेल. दिसभर पाणी ओढायचं. मला वाटलं, ही गाडी तर बिनअकलेची नुसती पेट्रोलच पितेय. कुणी तिला सवयच लावली नाय. सांजची दिवा दावाय जायची, एक बाटली ओतायची."

"त्या इंजिनाला दोन टाक्या होत्या, आत्याबाई."

"असतील. मी भाकरी घेऊन जायची, टाक्या मोजाय नाय."

"आणि भावजींना सांगायचं ना."

"त्यानं घालू दिलं असतं?" अंबूबाईनं पहिल्यांदा तिच्याकडं बघितलं. "रोज जेवताना तू बोलायचीस. गाडी म्हंजे हत्ती, पेट्रोल पितोय, आमच्या दुधाचं पैसं गाडीच्या घशात जात्यात. नागूचं तोंड वाकडं, गजाचं ताट अर्धं. म्हटलं, पेट्रोल कमी लागलं तर तुजी जीभ तरी थांबंल."

हत्तीची उपमा हिरूचीच होती आणि तेव्हा तिला ती आवडलीही होती.

"जाते मी," अंबूबाई म्हणाली, पण उठली नाही. "सांगते. भावाच्या म्होरं सांगते, की तुजी भैण येडी झाली. शेजारच्या नानीला तिच्या सुनांनी कसं कोनाड्यात बशिवलं ते तू बघितलंस ना? येकदा म्हातारीचा हात चुकला म्हटलं, की मग समदंच तिच्या हातातून काढून घेत्यात. किल्ली, चूल, म्हशीचं दूध. जाते मी."

हिरूनं इथं हिशेब केला, आणि तो झटपट केला, कारण बाहेर मामा पोपटशेठचा भाव काढायला लागला होता. सासू उघडी पडली तर घर वर्षभर तेच चघळणार. कोंडी कशेळ्याला गेली तर ती खोटा डाग घेऊन जाणार, आणि त्या डागाचा पहिला थेंब हिरूच्या तोंडचा. आणि आपण ओतलं म्हणून सांगितलं तर? नागू आठ दिवस फुगेल. मामा दोन शब्द बोलेल. अडाण्यासारखं केलं म्हणतील. बाईचं अडाणीपण हा तर घरातला सगळ्यांत स्वस्त माल, त्याला कुणी फार भाव देत नाही. शिवाय खोली आज गेली तरी सासू जन्माची मिंधी. नागूच्या मागं लागून कौलं-विटा घालून घ्यायला तिच्या एका शब्दाचं काम. या मार्गानं खोली जरा उशिरा आली असती, पण आली असती.

"तुमी बसा हितंच," ती म्हणाली. "कुणी इचारलं तरी बोलू नका."

"हिरू, मी तुला इसरणार नाय हां," अंबूबाई म्हणाली.

हिरू नरसाळं घेऊनच खळ्यात आली. कोंडी पेटी घेऊन दारात आली होती आणि गजा जीपच्या टपाकडं बघत होता.

"तिची पेटी आत ठेवा," हिरू म्हणाली. "रॉकेल मी घातलंय."

नागू म्हणाला, "काय?"

"मामंजींच्या इंजिनावाणी वाटलं. म्हटलं, पेट्रोल वाचंल. तुमीच म्हणत होता ना, लय पितेय?"

"महिनाभर?"

"रोज एक बाटली."

"आणि वर कोंडीवर आळ घेत होतीस?" गजानं विचारलं. हा प्रश्न येईल हे हिरूच्या हिशेबात नव्हतं. त्या एका वाक्यानं अडाणी बाईची कपटी बाई झाली. तिनं तोंड उघडलं, पण मागं गोठ्यात म्हातारी बसलेली होती.

"घेत होते," ती म्हणाली.

मामानं नरसाळं हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. गिरणीवर त्यानं पुष्कळ माणसं पाहिली होती आणि बहिणीला तर जन्मापासून ओळखत होता. पण निकाल सोयीचा होता. "बरं," तो म्हणाला. "इंजिनाचा दोष नाय. गाडी गजाकडं राहील. नागू, बायकोला आवर. गजा, टाकी उपस."

रबरी नळीनं टाकी उपसून झाली. कडावच्या शाळेतल्या मास्तरांच्या स्कूटरमधून दोन लिटर पेट्रोल मागून आणलं. प्लग पुन्हा पुसले. गजानं सेल्फ दाबला आणि जीप पहिल्याच दमात चालू झाली, थंडीत, सपाट जागेवर, कुणाचा हात न लागता. दहा मिनिटं ती नुसतीच खळ्यात चालत ठेवली, कारण ती बंद करायला कुणाचं मन होत नव्हतं. तोवर आठ वाजून गेले होते आणि टेंपो केव्हाच निघून गेला होता.

त्या दिवशीचं दूध हिरूनं आटवलं. दोन्ही किटल्या. मास्तरांचं पेट्रोल गजानं फेडलं, आणि वर त्यांच्या बायकोला महिनाभर कर्जतच्या बाजाराला फुकट नेलं. मामा उपसलेलं रॉकेल-पेट्रोल एका डब्यात घेऊन गेला, गिरणीचे भाग धुवायला बरं म्हणून; सोबत नेहमीचा कट्टा होताच, तेव्हा त्याला काही भरावं लागलं नाही. पोपटशेठनं दुसरी जीप बघितली. नागू आठ दिवसांऐवजी अडीच महिने बोलला नाही, आणि बोलायला लागला तेव्हा खोलीचा विषय काढण्याची सोय उरली नव्हती. ज्या बाईनं भावाच्या गाडीत रॉकेल ओतलं तिला वेगळं दार कोण देणार? कोंडीनं पेटी आत नेली, पण हिरूनं वाढलेलं ती वर्षभर आधी हुंगून मग खायची. कोंडीनं भरलं ते महिनाभराच्या खोट्या आळाचं, आणि तेही तिनं असं हुंगून हुंगून हिरूकडून वसूल केलं.

अंबूबाईनं जीपला दिवा दाखवणं सोडून दिलं, एवढंच तिनं भरलं. हिरूला ती विसरली नाही. हिरू एकटीच समोर असली की दुधावरची साय वाटीत काढून तिच्यापुढं सरकवायची. पण पुढं घरात कधी डाळीत मीठ जास्त झालं, दूध नासलं, लोणच्याला बुरशी धरली, की सगळ्यांची नजर पहिली हिरूकडं जायची, आणि त्या नजरांमध्ये अंबूबाईचीही असायची.